१९६९ ची फियाट ११००डी : चौदा महिने आणि ६,४०० किलोमीटरनंतर

गाडी दारात उभी राहून चौदा महिने झाले. १९६९ ची फियाट ११००डी, म्हणजे आपली डिलाइट. बंद पडलेलं मीटर चालू केल्यापासून त्यावर ६,४०० किलोमीटर चढलेत. घेताना एका प्रश्नाने माझी झोप उडवली होती: ओरिजिनल पण दुखणाईत गाडी घ्यायची, की बरंच काही बदललेली पण ठणठणीत चालणारी? उत्तर वापरातून मिळालं, आणि तेव्हा मला वाटलं होतं त्याहून ते वेगळं निघालं. म्हणून सविस्तर लिहिते.

समोर दोन गाड्या होत्या. पहिली मुंबईची. दोन रंगांत नवीकोरी रंगवलेली, पुढे बकेट सीट, पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक, आणि बॉनेटखाली नंतरच्या पद्मिनीचं (याच गाडीचं पुढचं नाव) इंजिन. अर्ध्या चावीत सुरू झाली. मालक म्हणाले, "आत्ता बसा आणि कोल्हापूरला घेऊन जा." मागत होते ३ लाख ४० हजार. दुसरी सोलापूरची, एकाच घरात राहिलेली. अकरा वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये झाकून ठेवलेली. रंग कंपनीचाच, पण टपावर घासून घासून खालचा प्रायमर दिसायला लागलेला. इंजिन जाम, टायर बसलेले. किंमत १ लाख ९० हजार.

माझ्या बाबांकडे अशीच गाडी होती. गाडी नोंदवून माणसं वर्षानुवर्षं वाट बघायची तो काळ. त्यामुळे माझं मन आधीच सोलापूरकडे झुकलं होतं हे कबूल करते. पण नुसत्या मनावर एवढे पैसे घालायची तयारी नव्हती, म्हणून कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या आमच्या मिस्त्रींना दोन्हीकडे घेऊन गेले.

मुंबईत मिस्त्रींनी इंजिनाकडे बघितलंसुद्धा नाही. खिशातून पातळ फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक काढलं आणि दाराच्या खालच्या कडेवरून फिरवत नेलं. वरच्या भागात चुंबक टकाटक चिकटत होतं. कडेपाशी आलं की सुटून हातात. दोन्ही बाजूंच्या सिलवर (दारांखालच्या उंबऱ्यासारख्या पट्टीवर) तेच, मागच्या चाकाच्या कमानीतही तेच. म्हणजे पत्रा सडलेला, वर बोटभर जाडीची लांबी (पुट्टी) भरून रंग मारलेला. मुंबईची खारी हवा, त्यात गाडी वर्षानुवर्षं रस्त्यावर उभी. सोलापुरात त्यांनी पुढचा गालिचा उचलून फ्लोअरवर स्क्रू-ड्रायव्हरचं टोक जोरात दाबलं आणि मला हाक मारली, "ताई, ह्यो पत्रा बघा. टाचणी बी शिरत न्हाई." सोलापूरच्या कोरड्या हवेने पत्रा राखला होता.

हे एवढं महत्त्वाचं का, तर ११००डीला वेगळी चासी, म्हणजे बॉडीखालचा स्वतंत्र सांगाडा, नसते. ॲम्बॅसडरसारखीच ही मोनोकॉक गाडी: सिल, फ्लोअर, खांब मिळूनच तिचा सांगाडा होतो. जीपमध्ये बॉडी सडली तर चासीवर दुसरी चढवता येते. इथे सिल सडली म्हणजे कणाच सडला. वरून कितीही चकचकीत असो, अशी गाडी जॅकवर उचलली की दारं नीट लागेनाशी होतात.

तरी मुंबईच्या गाडीवर अन्याय नको. ती पहिल्या दिवसापासून चालली असती. मी घेतलेली सोलापूरची पाच महिने गॅरेजमध्ये होती. इंजिनाचा ब्लॉक बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन घातले (ब्लॉक तोच, त्यावरचा नंबर तोच), क्रँक ग्राइंड केला, रेडिएटर उघडून साफ केला, गिअरच्या दांड्यांचे बुश बदलले. सगळं धरून माझा खर्च मुंबईच्या गाडीच्या किमतीच्या पुढे गेला. ओरिजिनल गाडी स्वस्तात मिळते असं कोणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका.

आता माझी चूक. ओरिजिनल या शब्दाच्या प्रेमात मी इतकी होते, की ब्रेकची सिलिंडरं नुसती साफ करून घेतली. आतली रबरं चांगली दिसत होती, जुन्या मालाची होती, राहू दे म्हटलं. मिस्त्री नको म्हणत होते, मीच ऐकलं नाही. तिसऱ्या आठवड्यात कावळा नाक्याच्या सिग्नलला पेडल थेट खाली गेलं. या गाडीला चारही चाकांना ड्रम आणि ब्रेकचं सर्किट एकच, म्हणजे एका चाकाशी तेल गळलं की चारही गेली. हँडब्रेक ओढून आणि गिअर उतरवून गाडी थांबवली. पुढे शाळेची रिक्षा उभी होती. तिच्यातली मुलं मागे वळून माझ्याकडे बघत होती, ते अजून डोळ्यांपुढून जात नाही. त्याच आठवड्यात सगळी सिलिंडरं, पाइप, रबरं नवीन घातली. टायरही. त्यांची नक्षी शाबूत होती, पण कडेला बारीक भेगा होत्या. वायरिंगचं वरचं कापड वाळून सुटत होतं, तेही बदललं.

तेव्हापासून माझा हिशेब पक्का झाला. ब्रेक, रबर, टायर, वायर, होसपाइप या झिजायच्याच वस्तू. पहिल्या मालकानेही त्या दर काही वर्षांनी बदललेल्या असतात. त्या जुन्या ठेवण्यात ओरिजिनलपणा नाही, धोका आहे.

इंजिन, गिअरबॉक्स, सस्पेन्शन यांचीही फार धास्ती घेऊ नका. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून हीच गाडी नाव बदलत बनत राहिली. डिलाइट, मग थोडे दिवस प्रेसिडेंट, १९७४ पासून पद्मिनी. तेच १०८९ सीसीचं इंजिन लाखो गाड्यांत होतं, मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींतही. त्यामुळे पिस्टन, बेअरिंग, क्लच आजही हुडकले की मिळतात. मात्र शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. त्या टॅक्सींचा भंगारातून येणारा माल आता आटत जाणार, हे धरून चाला.

जे मिळत नाही ते वेगळंच. फक्त डिलाइटची म्हणून जी जाळी, क्रोमच्या पट्ट्या, हॉर्नची रिंग, डॅशबोर्डची बटणं, ती शोधताना जीव मेटाकुटीला येतो. पुण्याच्या जुन्या बाजारात तीन रविवार आणि मुंबईच्या चोरबाजारात दोन दिवस घालवून मला काचेची एक पट्टी मिळाली. सोलापूरच्या गाडीत बाकी हे सगळं जागेवर होतं. मागच्या सीटवरचं हिरवं कव्हर उसवलं, तर खाली कंपनीचं रेक्झिन, शिवणीसकट. शिवणीच्या खाचेत एक केसाची पिन आणि नागमोडी कडांचं ॲल्युमिनियमचं दहा पैशांचं नाणं अडकलेलं होतं. दोन्ही ग्लोव्हबॉक्समध्ये ठेवलीत. ते रेक्झिन आता दुधाने पुसल्यासारखं स्वच्छ झालंय, आणि त्यावर मी कोणालाही कव्हर घालू देत नाही.

कागदांचंही बघा. मुंबईच्या गाडीचं इंजिन बदललेलं, पण आरसी बुकात नोंद जुन्याच नंबरची. असली गाडी पुन्हा पासिंगला नेली की आरटीओत अडकणार. शिवाय २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, पण तिच्या चासीत, बॉडी शेलमध्ये किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला चालत नाही. मी ती नोंदणी केलेली नाही. व्हिंटेज गाडी रोज वापरता येत नाही, फक्त प्रदर्शन, रॅली अशा कामांना काढता येते. मला तर आईला दर गुरुवारी नृसिंहवाडीला न्यायचं असतं.

चालवायला कशी आहे? साठच्या वेगाला गाडी खूश असते. लिटरला अकरा-बारा किलोमीटर देते. स्टिअरिंगपाशी असलेला हँड गिअर दोन दिवसांत अंगवळणी पडला. स्प्रिंगच्या सीटवर आईची कंबर नव्या गाडीपेक्षा कमी दुखते. एप्रिलमध्ये पुण्याहून परतताना खंबाटकीत मात्र बंद पडली. उन्हाने पंपातल्या पेट्रोलची वाफ झाली होती. ओलं फडकं पंपावर दहा मिनिटं ठेवलं आणि निघालो. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुनं रबर फुगतं, म्हणून पंपाचा डायफ्राम आणि पेट्रोलचे पाइप त्याला टिकणारे घातलेत.

रंगाबद्दल सगळे विचारतात. एका नावाजलेल्या पेंटरने पूर्ण गाडी खरवडून रंगवायचा आग्रह धरला होता. मी फक्त जिथे गंज धरत होता तिथेच हात लावला, बाकी हाताने पॉलिश केलं. टपावरचा प्रायमर तसाच आहे आणि तसाच राहणार.

दोन गाड्यांतून निवडायची वेळ पुन्हा आली तर मी आधी पत्रा बघेन, मग नंबर आणि कागद, मग काचा-क्रोम-डॅशबोर्ड, आणि इंजिन सगळ्यात शेवटी. पत्रा ठणठणीत असलेली, पण इंजिन बदललेली आणि त्याची नोंद असलेली गाडी मी बेधडक घेईन. एकाच मालकाकडे राहिलेली, पूर्ण ओरिजिनल, पण सिल सडलेली गाडी फुकट दिली तरी घेणार नाही. चौदा महिन्यांपूर्वी मी याच्या नेमकं उलटं सांगितलं असतं.

पावसाळ्याआधी एक काम मात्र चुकवू नका. दारांच्या खालच्या कडेला पाणी जायला बारीक भोकं असतात. ती बुजली की पाणी आत साचतं आणि पत्रा आतून सडतो. परवा मिस्त्री आणि मी जुन्या छत्रीच्या काडीने चारही दारांची भोकं मोकळी केली. मागच्या डाव्या दारातून मूठभर वाळलेली काळी माती निघाली, अजून सोलापूरचीच.