तीन नंबरचा बावटा लागला, बोट कुठे न्यायची: धक्का, खाडी की वाळू?

बोट घेताना इंजिन किती घोड्यांचं, फायबरचा थर किती जाड, जाळी कुठून आणायची, यावर महिनाभर खल होतो. वादळात ती उभी कुठे करायची, हे मात्र बंदरावर वादळाच्या इशाऱ्याचा बावटा चढेपर्यंत कुणी विचारत नाही. आमच्याकडे, हर्णैच्या बाजूला, नुकतीच बोट घेतलेल्या एका पोराने ते आधी विचारलं, म्हणून त्याला सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितोय.

निकाल आधीच देतो. पंचवीस-अठ्ठावीस फुटी फायबरची होडी असेल तर ओढून वर घ्या, बाकी काही बघू नका. मोठा ट्रॉलर असेल तर खाडीत जेवढं आत जाता येईल तेवढं आत. धक्का माझ्या हिशेबात तिसरा, आणि तोही नाइलाज म्हणून. बहुतेकांना हे उलटं वाटतं. धक्का दगडी-सिमेंटचा, डोळ्यासमोर, गाडी लावून पाच मिनिटांत बोटीपाशी. पण वादळात बोट फुटते ती बहुधा भर समुद्रात नव्हे, धक्क्यालाच.

कारण साधं आहे. धक्का हलत नाही, पाणी हलतं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर आलं, वाऱ्याचा वेग ताशी ११०-१२० किलोमीटर. रायगडच्या किनाऱ्याला नेहमीच्या भरतीवर आणखी एक ते दोन मीटर पाणी चढेल, असा हवामान खात्याचा इशारा होता. वर वटपौर्णिमा दोन दिवसांवर, म्हणजे मुळातच उधाणाची भरती. आता बोट आखूड दोराने खुंटाला आवळून बांधली असेल तर चढत्या पाण्याबरोबर ती वर येऊ शकत नाही. मग दोर तरी तुटतो, नाहीतर बोटीवरचा खुंट फळीसकट उपटून येतो. आणि दोर सैल सोडला तर बोट दर लाटेला मागे जाऊन धक्क्यावर येऊन आदळते. मधले टायर पहिल्या तासात फाटतात किंवा दोरासकट वर सरकतात, आणि मग सिमेंटवर थेट फायबर.

तरी आपली बोट आपण नीट बांधू. शेजारच्याची कोण बांधणार? रत्नागिरीच्या मिरकरवाड्यासारख्या गजबजलेल्या बंदरात बोटी एकीला एक लागून ओळीने उभ्या असतात. सगळ्यात बाहेरच्या बोटीचा दोर तुटला की ती आतल्यांवर येते, आणि धक्क्याला टेकलेली पहिली बोट सगळ्यांचा भार घेते. निसर्गनंतर चार दिवसांनी मी एक बोट पाहिली. मालकाने दोन्हीकडून दुहेरी दोर लावले होते, एकही तुटला नव्हता. पण पाण्याच्या रेषेवर हातभर लांबीची खाच होती, आणि त्या खाचेत शेजारच्या बोटीचा निळा रंग भरलेला होता. दोर शाबूत, बोट तळाला. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ दीव-उनाच्या बाजूला जमिनीवर आलं तेव्हा गुजरातेत जाफराबादकडच्या बंदरांमध्ये आसऱ्याला आणलेल्या बोटींचीही मोठी मोडतोड झाली.

धक्क्याला ठेवावीच लागली तर बांधणी बदला. आडवे आखूड दोर काढून नाळेकडून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडून, आणि मागून लांब तिरके दोर, शक्य तितक्या लांबच्या खुंटांना. लांब दोराला पाण्याबरोबर वरखाली व्हायला वाव मिळतो. जमलं तर बाहेरच्या अंगाला नांगर टाकून बोट धक्क्यापासून हातभर दूर ताणून ठेवा. दोर जिथे धक्क्याच्या कडेवर घासतो तिथे जुन्या पाण्याच्या पाइपाचा तुकडा चढवा. दोर तुटतात त्यातले बरेचसे ताणाने नाही, घासून जातात. नायलॉनचा दोर ताणला जातो, झटका पितो, तो बरा. बाजारात स्वस्त मिळणारा, पाण्यावर तरंगणारा दोर दोन उन्हाळ्यांत उन्हाने खाल्लेला असतो. हाताने चोळून बघा, भुसा निघाला की तो वादळाच्या कामाचा नाही.

आता खाडी. आमच्या भागात हा जुनाच शिरस्ता आहे. हर्णैचं बंदर उघडं, म्हणून वातावरण बिघडलं की बोटी आंजर्ल्याच्या खाडीत, नाहीतर दाभोळ, जयगडपर्यंत जातात. आत लाट येत नाही ही खाडीची खरी कमाई. वारा तोच असतो, पण लाटेला वाढायला लांबी मिळत नाही. शिवाय तळाला चिकट चिखल, नांगर चांगला धरतो.

पण नांगरावर आंधळा भरवसा नको. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. रोज साठच्या वाऱ्यात निमूट उभी राहणारी बोट एकशेवीसच्या वाऱ्यात चारपट ओढते. त्याच निसर्ग वादळात बसरा स्टार नावाचं जहाज रत्नागिरीला मिऱ्याच्या बंधाऱ्यावर येऊन बसलं आणि पुढे किती वर्षं तिथेच गंजत राहिलं. जहाजाच्या नांगराची ही गत, तर आपल्या नांगराची काय कथा!

चूक बहुतेक वेळा दोराच्या लांबीत होते. खोलीच्या सातपट दोर सोडावा हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण खोली कुठली? ओहोटीला तीन मीटर पाणी बघून एकवीस मीटर दोर सोडतात. त्यावर अडीच मीटर भरती धरा, वादळाचं एक मीटर चढतं पाणी धरा, पाण्यापासून नाळेची दीड मीटर उंची धरा. झाले आठ मीटर. सातपट म्हणजे छप्पन्न मीटर. एकवीस मीटरवर तुम्ही जेमतेम अडीचपट उभे असता, दोर नांगराला आडवा ओढायच्या ऐवजी वर उपटतो. आणि नांगराऐवजी सिमेंटचा ठोकळा टाकला असेल तर एक हिशेब लक्षात ठेवा: सिमेंट पाण्यात गेलं की त्याचं चाळीस टक्क्यांच्या आसपास वजन पाणीच उचलून धरतं.

अरुंद खाडीत छप्पन्न मीटर दोरावर बोट फिरवायला जागा नसते, हेही खरं. म्हणून दोन नांगर टाकायचे आणि मागून काठाला दोर घ्यायचे. तिवरांना, म्हणजे काठावरच्या कांदळवनाच्या झाडांना, बांधायचं तर एका झाडाला नाही, चार-पाच बुंध्यांत भार वाटून, खाली गोणपाट गुंडाळून. कांदळवन तोडायला बंदी आहे, आणि तोडूही नका, तेच तुमची बोट वाचवणार आहे.

नांगर कुठल्या दिशेला टाकायचा हे वाऱ्यावर, आणि चक्रीवादळाचा वारा एका दिशेला राहत नाही. निसर्गच्या सकाळी आमच्याकडे वारा मतलईसारखा डोंगराकडून होता. पुष्कळांनी त्याच हिशेबाने बोटी लावल्या आणि दुपारी तो दक्षिणेवरून फिरून समुद्राकडून आला. ढोबळ नियम असा: वादळ तुमच्या उत्तरेला जमिनीवर येणार असेल किंवा तौक्तेसारखं समुद्रातूनच वर सरकणार असेल, तर वारा पूर्वेकडून सुरू होऊन दक्षिणेवरून पश्चिमेला फिरतो. तुमच्या दक्षिणेला येणार असेल तर पूर्वेकडून उत्तरेवरून पश्चिमेला. बावट्याबरोबर वादळाचा अंदाजित मार्गही येतो, तो नकाशा बघून जागा निवडा. आत्ता ज्या काठाचा आडोसा आहे तोच काठ संध्याकाळी तुमची बोट फोडणार असतो.

खाडीचे दोन दोष. एक म्हणजे मुख. आंजर्ल्याला आणि रत्नागिरीच्या मांडवीला मुखाशी गाळ साचतो. भरती असेल तरच बोट आत, आणि लाट उठायला लागली की भरतीतही जीव मुठीत. म्हणजे खाडीत जायचा निर्णय वादळाच्या आदल्या दिवशी नाही, त्याच्याही आदल्या दिवशी घ्यायचा. दुसरा म्हणजे वरून येणारं पाणी. वादळाबरोबर घाटात पाऊस पडतो आणि नदी ओंडके घेऊन खाली येते. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीने चिपळूणचं काय केलं ते आठवा. तेव्हा चक्रीवादळ नव्हतं, नुसता पाऊस होता. म्हणून भर प्रवाहात उभं राहू नका, बाजूचा एखादा फाटा शोधा.

राहिली वाळू. नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या वर ओढून शाकारून ठेवायच्या, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. १ जून ते ३१ जुलैची मासेमारी बंदी आता कायद्याने असली तरी मूळ शहाणपण तेच. कोरड्या जमिनीवरची होडी बुडू शकत नाही, विषय संपला. अडचण एवढीच, की तौक्ते मे महिन्यात आलं आणि फयान ११ नोव्हेंबर २००९ ला. ऐन हंगामात, होड्या पाण्यात असताना.

वर घ्यायची तर उधाणाच्या रेषेच्या चांगली वर घ्या. नेहमीच्या जागी, वाळूला सुकत घातलेल्या जाळ्यांशेजारी ठेवलेल्या होड्या पाणी उचलून नेतं. आणि माडाखाली ठेवू नका! निसर्गमध्ये आमच्या दापोली-श्रीवर्धन पट्ट्यात माड-पोफळी आडव्या झाल्या, सुरक्षित म्हणून वाडीत आणून ठेवलेल्या होडीवर माड पडून तिचे दोन तुकडे झालेले मी बघितलेत. रिकामी फायबर होडी वाऱ्याने उलटतेही. इंजिन काढून घरी न्या, होडी सपाट वाळूवर नीट बसवा, वाळूची पोती भरा, वरून दोर घेऊन दोन्ही बाजूंना पुरलेल्या खुंटांना बांधा. नेमकी कमी पडतात ती माणसं. जेसीबी त्या दिवशी सगळ्यांनाच हवा असतो, आणि २०२० ला तर टाळेबंदीत खलाशी आपापल्या गावी अडकलेले. आम्ही नऊ जणांनी ओंडक्यांवरून एक होडी वर घ्यायला सबंध सकाळ घालवली, दुसरी राहिली ती राहिलीच.

कुठेही ठेवा, पावसाचा हिशेब चुकवू नका. आठ मीटर लांब, दोन मीटर रुंद उघड्या होडीत दोनशे मिलिमीटर पाऊस साचला तर तीन हजार दोनशे लिटर पाणी, तीन टनांहून जास्त वजन. पंप आहे म्हणाल, तर तो बॅटरीवर किती तास चालतो ते एकदा घड्याळ लावून बघा. पाण्यातल्या होडीवर ताडपत्री घट्ट आवळा, वर घेतलेल्या होडीचं बूच काढून ठेवा. आणि वाऱ्याला अडणारं सगळं उतरवा: सावलीचं कापड, जाळ्यांचे ढीग, शीतपेट्या, झेंड्यांच्या काठ्या.

बोट राखायला माणूस मात्र ठेवू नका, मोठ्या ट्रॉलरवरही नाही. तौक्तेत देवगडच्या बंदरात आसऱ्याला उभ्या बोटींवरचे खलाशी गेले. बंदरात, किनारा दिसत असताना. रात्री बॅटरी मारून दोर बघायला कुणीतरी हवं असं मालकाला वाटतं, पण त्या वाऱ्यात एक माणूस एक दोरही बदलू शकत नाही.

भरपाईच्या भरवशावर तर राहूच नका. तौक्तेनंतर राज्य सरकारने वाढवून दिलेली मदत पूर्ण गेलेल्या बोटीला पंचवीस हजार, दुरुस्तीला दहा हजार. आहे ती मिळवायलाही पंचनामा लागतो, आणि पंचनाम्याला बोट तुमचीच होती हे दाखवावं लागतं. उतरताना परवाना आणि नोंदणीचे कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून घरी घेऊन या, आणि बांधून झाली की मोबाइलवर दोन फोटो काढा: एक नाळेवरचा नंबर वाचता येईल असा, दुसरा दोर दिसतील असा.