विक्रीच्या पहिल्याच दिवशी नवा फोन घेतला आणि ३७,५४८ रुपयांना फसलो

गेली चौदा वर्षे मी लेखापरीक्षणाचे काम करतो. दुसऱ्यांच्या कागदांतील खोट शोधण्यावर माझे घर चालते, आणि तरीही डोळ्यांसमोर लिहून आलेली खोट मला दिसली नाही, हे सांगताना मान खाली जाते. ९ मे रोजी नागपुरात सीताबर्डीवरील एका दुकानातून मी विक्रीच्या पहिल्याच दिवशी ३४,९९९ रुपयांचा फोन घेतला. त्यात उत्तम चालणारा जुना फोन ७,२०० रुपयांत वळता केला. वाढीव वॉरंटीचे १,८९९ आणि कव्हर-काचेचे ६५० वेगळे मोजले. “जुना काय चावत होता का?” असे पत्नीने निघताना विचारले होते.

दुकानातच डबा उघडला, फोन सुरू केला आणि लगेच ३.१ जीबीचा अपडेट आला. खाली बदलांची यादी होती : फोन तापण्याचे प्रमाण कमी केले, कॅमेरा मध्येच बंद पडणे दुरुस्त केले, कॉल तुटण्यावर उपाय केला. इथेच मी थांबायला हवे होते. ज्या फोनचा एकही नग त्या सकाळपर्यंत गिऱ्हाइकाच्या हाती गेला नव्हता, तो तापतो हे कंपनीला कुणी कळवले? डबे भरतानाच तिला ते ठाऊक होते. “काका, हे सगळ्यांनाच येते,” असे म्हणत काउंटरवरच्या मुलाने फोन घेऊन बटण स्वतःच दाबले, आणि मी हसत उभा राहिलो. त्या यादीचा स्क्रीनशॉट घेतला नाही. तुम्ही घ्या, आणि बटण दाबण्याआधी घ्या.

कारखान्यात भरलेले सॉफ्टवेअर काही आठवडे जुने असते आणि त्यावरचे काम पुढेही चालू राहते, हे मला माहीत होते. पहिला अपडेट येणे म्हणजेच फसवणूक, असे मी म्हणत नाही. विक्रीची तारीख आधी ठरते, चाचणी तिच्यामागे फरफटत जाते आणि उरलेली चाचणी गिऱ्हाइकाच्या पैशाने होते, ही फसवणूक. सॅमसंगचा नोट ७ ऑगस्ट २०१६ मध्ये आला, बॅटऱ्या पेटू लागल्याने सप्टेंबरमध्ये परत मागवला गेला, बदलून दिलेले फोनही पेटले आणि ऑक्टोबरमध्ये तो कायमचा बंद झाला. तिथे धूर निघाला म्हणून जगाला दिसले. माझ्या फोनमधून धूर निघाला नाही, एवढाच माझा गुन्हा.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात कॉटन मार्केटमध्ये भर दुपारी भाजीचे पैसे देताना स्क्रीन अंधारली आणि ‘फोन थंड होऊ द्या’ असा संदेश आला. भाजीवाली हात पुढे करून उभी, आणि मी फोनवर फुंकर घालतो आहे! ॲपलसुद्धा आयफोन वापरण्यासाठी हवेचे तापमान ० ते ३५ अंश असावे असे लिहिते. आमच्याकडे मेमध्ये पारा ४५ गाठतो. विदर्भात राहत असाल तर पहिला उन्हाळा दुसऱ्या कुणाच्या फोनला काढू द्या.

जूनमधल्या अपडेटनंतर स्क्रीनवर उभी हिरवी रेघ आली. सर्व्हिस सेंटरने दोनदा “पुढच्या अपडेटमध्ये जाईल” असे सांगून परत पाठवले. तिसऱ्या खेपेला फोन उघडून आतली ओलावा दाखवणारी पट्टी लाल झाल्याचे दाखवले आणि ११,४५० रुपये सांगितले. “कूलरसमोर ठेवत असाल.” मे महिन्यात कूलर नसलेले नागपुरातले घर मला दाखवा! वाढीव वॉरंटीत ओलावा बसत नाही, हे बारीक अक्षरांत होते, सही माझीच. फोन सोपवताना त्याची स्थिती जॉबशीटवर लिहून घ्या, तोंडी काही ऐकू नका.

पोलीस ठाण्यात “हा दिवाणी मामला” म्हणून पाच मिनिटांत बोळवण झाली. ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार क्रमांक मिळाला आणि अकराव्या दिवशी ‘निवारण झाले’ असा संदेश आला; कुणाचे निवारण, कसले, हे विचारायला त्या संदेशाला उत्तरही देता येत नव्हते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ म्हणतो की ग्राहक आयोगाने निकाल तीन महिन्यांत आणि प्रयोगशाळेत तपासणी लागली तर पाच महिन्यांत देण्याचा प्रयत्न करावा. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीचे शुल्क नाही, हे खरे. पण त्या तपासणीचे पैसे आधी तक्रारदारालाच भरायला सांगता येतात, म्हणजे चाचणीचा खर्च पुन्हा माझ्याच माथी. दोष पहिल्या दिवसापासून होता, याचा पुरावा आणा, असे मला आयोगाच्या खिडकीवर सांगण्यात आले. फोनमध्ये आता फक्त शेवटच्या अपडेटची यादी दिसते, आणि तीत एकच ओळ आहे : ‘स्थैर्य वाढवले.’