सिटी लाइट्स: कवीचं दुकान, एकदा जाच
सॅन फ्रान्सिस्कोत कोलंबस अव्हेन्यूवर हे पुस्तकांचं दुकान आहे, आणि खरं सांगायचं तर मी पुस्तकांपेक्षा मालकासाठी गेलो होतो, म्हणजे कवी लॉरेन्स फर्लिंगेटीसाठी, जो २०२१ मध्ये १०१ वर्षांचा होऊन गेला. माणूस काय जगलाय राव! जन्माआधीच वडील गेले, दुसऱ्या महायुद्धात नेव्हीत होता, बॉम्बनंतर काही आठवड्यांनी नागासाकी डोळ्यांनी बघितलं आणि तिथून कायमचा युद्धविरोधी झाला, मग पॅरिसला डॉक्टरेट वगैरे करून १९५३ मध्ये एका पार्टनरबरोबर हे दुकान काढलं. फक्त पेपरबॅक विकायचे, म्हणजे कमी पैशात वाचता यावं म्हणून. अमेरिकन कवी अॅलन गिन्सबर्गचं 'हाऊल' हे कवितांचं पुस्तक त्यानेच १९५६ ला छापलं, अश्लील म्हणून अटक झाली, केस चालली आणि १९५७ मध्ये तो जिंकला. (हाच गिन्सबर्ग १९६२ ला मुंबईत अरुण कोलटकरांना भेटला होता, म्हणून आपल्याला जरा जास्तच जवळचं वाटतं.)

वरच्या मजल्यावर कवितेची खोली आहे, तिथे खुर्चीत बसून वाचत बसा. तळघरही बघा. फर्लिंगेटीचं 'अ कोनी आयलंड ऑफ द माइंड' हे कवितांचं पुस्तक मी तिथेच घेतलं, सोपी बोलकी भाषा, कवितेची भीती वाटणाऱ्यांनी इथूनच सुरुवात करावी. त्याच्या कविता गिन्सबर्गएवढ्या भारी नाहीत असं माझं मत, पण दुकानाला पाच स्टार. गाडी मात्र नेऊ नका, त्या भागात पार्किंग म्हणजे डोक्याला ताप.