खांद्याची नस: आधी सुया की आधी एमआरआय?

हात वर जाईना, फिजिओथेरपीने फरक पडेना, आणि डॉक्टरांनी ‘नसेचं काहीतरी वाटतंय’ म्हणत एकाच कागदावर दोन ओळी लिहून दिल्या: ईएमजी-एनसीव्ही (स्नायूत सुई घालून आणि नसेला विजेचे झटके देऊन करायची तपासणी) आणि ब्रेकियल प्लेक्ससचा, म्हणजे मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसांच्या जाळ्याचा, एमआरआय. अशा वेळी आपल्यासारखा माणूस घरी येऊन हिशोब मांडतो. दोन्ही करायलाच हवेत का? आणि आधी कोणता? मी दोन्ही केले, आधी स्वस्त होता तो. इथेच माझं चुकलं असं मला वाटतं, पण मी डॉक्टर नव्हे, इंदूरच्या एका शाळेत गणित शिकवतो. तेवढं धरून वाचा.

रंगपंचमीला राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघायला गेलो, नंतर दोन दिवस ताप आला आणि गेला. आठवडाभराने मध्यरात्री उजवा खांदा असा ठणकायला लागला की बसवेना, निजवेना. हृदयाचं असेल म्हणून बायकोने आधी ईसीजीला नेलं. तो ठीक निघाला. ठणका थोडा ओसरला तेव्हा खरा प्रकार फळ्यापाशी कळला. समीकरण डावीकडे कपाळाच्या उंचीवर सुरू केलं की बरोबरच्या चिन्हापर्यंत ओळ वीतभर खाली उतरलेली असायची. हात बाहेरच्या बाजूला फिरवायची ताकदच गेली होती. ‘सर, ओळ घसरली,’ पहिल्या बाकावरून आवाज आला.

दुखणं सुरू झाल्याच्या सहाव्या दिवशी ईएमजी-एनसीव्ही केली. हासळीच्या वर विजेचे झटके, मग खांद्याच्या स्नायूंत बारीक सुई. ‘ताकत लगाइए... अब ढीला छोड़िए.’ यंत्रातून तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा तडतड आवाज येतो. लोक घाबरवतात तेवढं काही दुखत नाही, सुयांबद्दल माझी तक्रार नाहीच. तक्रार आहे ती रिपोर्टातल्या एका शब्दाबद्दल: नॉर्मल.

हा शब्द घरात आला की काय होतं ते अनुभवल्याशिवाय कळत नाही. मेहुणे म्हणाले, ‘टेन्शन घेता तुम्ही, भावजी.’ बायको म्हणाली, ‘अहो, रिपोर्ट चांगला आहे ना, मग जरा हात हलवत राहा.’ शेजारच्या काकूंनी तिळाचं तेल दिलं. दोन दिवस मलाही वाटलं की दुखणं मनाचंच असावं. मग फळ्यापाशी गेलो, आणि ओळ पुन्हा घसरली.

नंतर न्यूरॉलॉजिस्टनी समजावलं तेव्हा चीड आली ती तारखेची. नसेला मार बसला तरी पुढचा तुकडा काही दिवस वीज वाहून नेतो, म्हणून एनसीव्ही, म्हणजे झटक्यांची तपासणी, चांगली दिसू शकते. नस तुटल्याची खूण सुईला स्नायूत सापडायला साधारण 2 ते 3 आठवडे लागतात. म्हणजे यंत्र बरोबर, करणारा बरोबर, दिवस चुकला. पैसे मात्र गेले, आणि पुढे काही दिवस ‘नॉर्मल आहे’ हे सर्टिफिकेट मी खिशात घेऊन फिरलो.

एमआरआय बाराव्या दिवशी झाला. त्यात नस नव्हे, स्नायू बोलले. चरबीचा उजेड दाबून पाणी उजळवणाऱ्या चित्रांत बाकीचे स्नायू काळपट करडे होते, आणि खांद्याच्या पात्यावरचे दोन, सुप्रास्पायनेटस आणि इन्फ्रास्पायनेटस, पावसाळ्यात भिंतीला ओल चढावी तसे कडेपर्यंत पांढरे. या दोघांना एकच नस पुरवते, सुप्रास्कॅप्युलर. डॉक्टरांनी पेनचं टोक तिथे ठेवलं आणि म्हणाले, ‘स्नायू फाटला असता तर ओल एका जागी दिसली असती. इथे अख्खा स्नायू भिजलाय, म्हणजे मागची नस आजारी आहे.’ इन्फ्रास्पायनेटस एकटाच उजळला असता तर त्यांनी नसेला पुढच्या वळणावर दाबणारी गाठ शोधली असती. डेल्टॉइड आणि टेरिस मायनर हे खांद्याचे दुसरे दोन स्नायू उजळले असते तर संशय त्यांना पुरवणाऱ्या अॅक्सिलरी नसेवर गेला असता. गाठ नव्हती, मानेतला मणकाही निर्दोष होता. निदान झालं पार्सोनेज-टर्नर सिंड्रोम, म्हणजे बहुधा तापानंतर नसेला आलेली सूज. पार्सोनेज आणि टर्नर या दोघांनी 1948 मध्ये असे 136 रुग्ण नोंदवले होते. आकडा ऐकून मला उगीच बरं वाटलं.

एमआरआयची बाजू घेतोय म्हणून त्याचे त्रास लपवत नाही. महाग आहे, बराच महाग. आत 40 मिनिटं हातोडे आपटल्यासारखा आवाज, आणि दुखरा खांदा घेऊन पाठीवर निश्चल पडणं ही शिक्षाच. आवंढा गिळला तरी मानेजवळचं चित्र हलतं. शरीरात पेसमेकर असेल तर वेगळी विचारपूस लागते. बंद जागेची भीती असणाऱ्यांना मी आग्रह करणार नाही. फार लवकर गेलात तर एमआरआयही गप्प बसू शकतो, पण बहुतेक वेळा तो सुईच्या आधी बोलू लागतो.

ईएमजी टाकाऊ आहे असं मुळीच नाही. तिसऱ्या महिन्यात पुन्हा केली तेव्हा स्नायूत नवे तंतू पोचू लागल्याचं तिनेच सांगितलं, एमआरआयला ते इतक्या नेमकेपणाने सांगता आलं नसतं. नस दिवसाला जेमतेम 1 मिलिमीटर वाढते, तेव्हा त्या बातमीची किंमत मला कळते. सोनोग्राफीचंही नाव निघालं होतं. ती उत्तम हातात चांगली असते म्हणे, पण तसा हात कुठे सापडेल ते मला कोणी सांगितलं नाही.

तुमचं दुखणं महिना-दीड महिना जुनं असेल तर आधी सुया केल्या तरी चालतील, खर्च कमी आणि उत्तर पक्कं. दोन आठवड्यांच्या आत असाल तर, तुमच्या डॉक्टरांना पटत असेल तर, मी आधी एमआरआयकडे वळेन.

मात्र काउंटरवर चिठ्ठी नीट वाचून घ्या. नुसतं ‘शोल्डर’ लिहिलं तर सांध्यापुरतं छोटं चित्र काढतात, आणि मानेतून येणाऱ्या मुळांपासून काखेपर्यंतचा नसांचं जाळं त्यात पुरतं येत नाही. माझ्या पावतीवरही आधी ‘शोल्डर’च छापलं होतं, पैसे भरताना नजरेस पडलं म्हणून दुरुस्त झालं. मशीन 1.5 टेस्लाची की 3 ची (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप) तेही विचारा. बारीक नसा बघायच्या तर 3 बरी, असं मला सांगितलं गेलं. आणि आत जाण्याआधी कोपराखाली उशी मागून घ्या. मला ती सुचली तेव्हा निम्मा वेळ सरला होता, आणि टेक्निशियन काचेपलीकडून म्हणत होता, ‘हिलना मत, सर.’