रोटरी टेबलाला मोटर, की मशीनला चौथा अक्ष? छोट्या वर्कशॉपसाठी तुलना

नागपूरजवळ हिंगणा एमआयडीसीत किंवा बुटीबोरीत छोटं वर्कशॉप असलं की येणारी कामं साधारण ठरलेली असतात. जिनिंग मशीनचं स्प्रॉकेट, भंडारा-गोंदियाकडच्या राइस मिलचा तुटका गिअर, कोळसा खाणीतल्या कन्व्हेयरचा फ्लँज, पंपाचं कपलिंग. बहुतेक जॉबवर गोल फिरवत सारख्या अंतरावर काहीतरी कापायचं असतं: दात, होल, नाहीतर कीवे. हाताच्या रोटरी टेबलावर, म्हणजे हँडलने जॉब हवा तेवढा फिरवणाऱ्या गोल टेबलावर, ते होतं, पण वेळ खातं. आणि चौदाव्या दाताला कोणी "भाऊ, चहा आला" म्हणून हाक मारली, की पंधरावा कापायचा की चौदावाच, यावर वाद सुरू होतो.

मग कॉम्प्युटरवर चालणारं टेबल घ्यायचं ठरतं, आणि समोर दोन पर्याय येतात. एक, वर्म (टेबलाचं दातेरी चाक, म्हणजे वर्मव्हील, फिरवणारा स्क्रू) असलेल्या टेबलाला स्टेपर मोटर (छोट्या ठरावीक टप्प्यांनी फिरणारी) बसवायची आणि तिला स्वतंत्र छोटा कंट्रोलर द्यायचा. मिलिंग मशीन हातानेच चालतं, टेबल तेवढं सांगितलेल्या कोनात फिरून थांबतं. दुसरा, सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या) मशीनलाच चौथा अक्ष (एक्स, वाय, झेडशिवायचा फिरता अक्ष, ज्याला ए म्हणतात) जोडायचा, म्हणजे टूल आणि जॉब एकाच प्रोग्रामवर एकत्र हलतात.

माझं मत आधीच सांगून टाकतो: दुरुस्ती आणि सुट्या जॉबवर्कवर चालणाऱ्या दुकानाला दहापैकी आठ वेळा पहिला पर्याय पुरतो. दुसऱ्याची गरज कधी पडते, ते एका प्रश्नावर ठरतं.

कापत असताना जॉब फिरायला हवा का?

स्प्रॉकेटचा दात कापताना जॉब स्थिर असतो. फिरवा, लॉक करा, कापा, लॉक सोडा, पुन्हा फिरवा. पीसीडीवरचे (एका वर्तुळावरचे) होल, षटकोनी डोकं, स्प्लाइन, सरळ दाताचे गिअर, सगळं याच जातीचं. इथे टेबलाने अचूक थांबणं महत्त्वाचं. किती वेगाने फिरतं आणि एक्स अक्षाशी ताळमेळ आहे की नाही, याला काडीची किंमत नाही.

हेलिकल खाच, शाफ्टभोवती फिरणारा ऑइल ग्रूव्ह, कॅमची चढती कड, गोल दांड्यावरची नक्षी किंवा अक्षरं, ही दुसरी जात. टूल पुढे सरकतं तेव्हाच जॉब फिरतो. हे काम स्वतंत्र कंट्रोलरवर होत नाही, कारण बाकीचे अक्ष कुठे आहेत हे त्याला माहीतच नसतं.

गेल्या वर्षाची चलनं काढा आणि दुसऱ्या जातीचे जॉब किती होते ते बघा. "पुढे येतील" या आशेवर घेतलेला चौथा अक्ष बहुतेक ठिकाणी कपाटावर धूळ खात पडलेला दिसतो.

हाताचं टेबल विकून टाकू नका

४ इंची टेबलात बहुतेकदा ७२:१ आणि ६ इंचीत ९०:१ गुणोत्तर असतं, म्हणजे हँडलच्या एका फेऱ्यात टेबल अनुक्रमे ५ आणि ४ अंश फिरतं. इंडेक्स प्लेट (वर्तुळात होल पाडलेली चकती) असेल तर ९०:१ वर २३ दातांचं स्प्रॉकेट म्हणजे २३ होलच्या वर्तुळावर ३ पूर्ण फेरे आणि २१ होल. प्लेट नसेल तर १५ अंश ३९ मिनिटं ७.८ सेकंद, आणि ते डायलवर वाचत बसायचं. एखाद-दुसऱ्या जॉबसाठी हे चालतं. शिवाय यातल्या बऱ्याच टेबलांत वर्म बाजूला काढून टेबल हाताने मोकळं फिरवता येतं, त्यामुळे डायल गेज लावून जॉब सेंटर करणं दोन मिनिटांचं काम. मोटर बसवली की ही सोय बहुधा जाते. हे कोणी आधी सांगत नाही.

मोटर आणि स्वतंत्र कंट्रोलर

स्टेपर मोटर एका फेऱ्यात २०० स्टेप घेते. ड्रायव्हरवर (मोटरला करंट देणाऱ्या सर्किटवर) एका फेऱ्याला २००० पल्सचं सेटिंग लावलं आणि टेबल ९०:१ असलं, तर टेबलाच्या पूर्ण फेऱ्याला १,८०,००० पल्स होतात. एक पल्स म्हणजे ०.००२ अंश. कागदावर हे भारी दिसतं. प्रत्यक्षात वर्मव्हील स्वतः एका मिनिटाने चुकीचं असेल, तर १०० मिमी त्रिज्येवर ०.०२९ मिमीची चूक पडणारच. इलेक्ट्रॉनिक्सने ती जात नाही. म्हणून पैसा आधी टेबलात घाला, मग कंट्रोलरमध्ये.

कंट्रोलर अर्डुइनोच्या छोट्या बोर्डवर घरी बनवा की तयार घ्या, एक गोष्ट मात्र तपासाच. १२७ दातांचा गिअर घ्या. लेथवर इंच आणि मेट्रिक आटे बदलायला तो लागतो, कारण १२७ ची दुप्पट २५४ आणि एक इंच २५.४ मिमी. ही मूळ संख्या आहे, त्यामुळे ४०:१ च्या डिव्हायडिंग हेडवर (समान भाग पाडायच्या साधनावर) साध्या प्लेटने ती येत नाही, डिफरन्शियल इंडेक्सिंग, म्हणजे प्लेटही गिअरने फिरवणं, करावं लागतं. मोटरवाल्या टेबलाला हे सोपं जायला हवं. पण १,८०,००० भागिले १२७ म्हणजे १४१७.३२. कंट्रोलर दर वेळी अपूर्णांक टाकून १४१७ पल्सच देत असेल, तर फेऱ्याच्या शेवटी ४१ पल्स कमी पडतात, म्हणजे ०.०८२ अंश. ५० मिमी त्रिज्येवर ते ०.०७ मिमी होतं, आणि सगळी खोट शेवटच्या एका दाताच्या माथी येते. नीट लिहिलेला प्रोग्राम प्रत्येक दाताची जागा शून्यापासून मोजतो: अमुक क्रमांकाचा दात, गुणिले १,८०,०००, भागिले १२७, मग जवळची पूर्ण संख्या. अशा वेळी चूक कधीच अर्ध्या पल्सच्या वर जात नाही. विकणाऱ्याला हा प्रश्न विचारा. तो गडबडला तर पुढच्या दुकानात जा.

बॅकलॅशचं, म्हणजे दातांमधल्या मोकळीकीचं, जुनंच औषध इथेही चालतं: नेहमी एकाच दिशेने पोचायचं. उलटं जायचं असेल तर थोडं पुढे जाऊन परत यायचं. चांगल्या कंट्रोलरमध्ये हे सेटिंग असतं. कपलिंगकडेही लक्ष द्या. सर्पिल चिरा असलेली ॲल्युमिनियमची नाजूक कपलिंग लोडखाली पिळतात आणि तो पीळ बॅकलॅशसारखाच दिसतो. रबरी किंवा पॉलियुरेथेनचा स्पायडर असलेलं जबड्याचं कपलिंग बरं. वर्म ज्या एक्सेंट्रिक (भोक मधोमध नसलेल्या) बुशमध्ये बसतो ती बुश फिरवून बॅकलॅश कमी करतात. मोटरचा ब्रॅकेट त्या बुशवरच बसवा. टेबलाच्या अंगावर बसवला तर पुढच्या ॲडजस्टमेंटला मोटरची सेंटर हलते आणि कपलिंग ओढ घेऊ लागतं.

लॉकबद्दल ऑपरेटरला बजावून ठेवा. लॉक आवळलेला असताना बटण दाबलं, तर मोटर गुरगुरते आणि स्टेप गमावते. कंट्रोलरला मात्र काहीच कळत नाही, तो आनंदाने पुढचा आकडा दाखवतो.

चौथा अक्ष

इथे घोडं पेंड खातं ते गिअरिंगवर. चौथा अक्ष म्हणून स्वस्तात जे मिळतं, ते बहुतेक बेल्टवर चालणारं, ४:१ किंवा ६:१ चं, पुढे तीन जबड्यांचा चक लावलेलं. वर्म टेबलही सीएनसीला चौथा अक्ष म्हणून जोडता येतं, पण त्याचा स्वभाव वेगळा. दोन्ही शेजारी ठेवून बघा. मोटर तीच, २००० पल्स.

| | वर्म ९०:१ | बेल्ट ६:१ |
|---|---|---|
| एका पल्सचा कोन | ०.००२ अंश | ०.०३ अंश |
| ५० मिमी त्रिज्येवर | ०.००१७ मिमी | ०.०२६ मिमी |
| मोटर ३०० आरपीएमला असताना एक फेरा | १८ सेकंद | १.२ सेकंद |
| मोटर बंद केल्यावर | जागीच अडकतं | हाताने फिरतं |

शेवटची ओळ सर्वात महत्त्वाची. २ न्यूटन-मीटरची मोटर बेल्टवर फार तर १२ न्यूटन-मीटर पकड देते. ५० मिमी त्रिज्येवर ते २४० न्यूटन, म्हणजे अंदाजे २४ किलोचा जोर. पोलादात १० मिमीचं एंडमिल खोल घातलं तर एवढा धक्का सहज बसू शकतो. त्यात बऱ्याच ड्रायव्हरांवर, उदाहरणार्थ डीएम५४२ वर, मोटर थांबली की करंट निम्मा करायचा स्विच असतो. वर्मला तो चालू ठेवावा, मोटर थंड राहते. बेल्टवर चालू ठेवला तर कापतानाच पकड निम्मी होते. लाकूड, ॲक्रिलिक, ॲल्युमिनियमवर नक्षी करायची असेल तर बेल्ट छान. स्प्रॉकेटचे दात त्यावर कापू नका.

उलट वर्मवर कोरीवकाम करायला गेलात तर एका फेऱ्याला १८ सेकंद, आणि फेरे शेकड्याने. जॉब सुंदर होईल, पण संध्याकाळ होईल. बॅकलॅश नसलेला आणि वेगवानही असा हार्मोनिक ड्राइव्हचा (लवचीक दातेरी कड्यावर चालणाऱ्या गिअरचा) पर्याय असतो, साधारण ५०:१ किंवा १००:१ चा. मात्र छोट्या दुकानाला तो नाकापेक्षा मोती जड होतो.

चालवायलाही चौथा अक्ष जास्त डोकं मागतो. नुसता ए अक्ष फिरत असेल, तर फीड (पुढे सरकायचा वेग) मिनिटाला किती अंश असं धरलं जातं. प्रोग्राममध्ये एफ१०० (मिनिटाला १०० अंश) दिलं तर ५० मिमी त्रिज्येवर टूलखालून मिनिटाला ८७ मिमी धातू जातो, १० मिमी त्रिज्येवर जेमतेम १७. जॉबचा व्यास बदलला की फीडही बदलायला हवा, नाहीतर टूल घासत बसतं किंवा तुटतं. एक्स आणि ए एकत्र हलतात तेव्हा सहसा जी९३, म्हणजे इन्व्हर्स टाइम फीड (ती हालचाल किती वेळात संपवायची हे सांगणारा) वापरावा लागतो. कॅम सॉफ्टवेअरचा (ड्रॉइंगवरून मशीनचा प्रोग्राम बनवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) पोस्ट प्रोसेसर, म्हणजे तो प्रोग्राम मशीनच्या भाषेत उतरवणारा भाग, हे करतो का, ते मशीन घ्यायच्या आधी बघा. मॅक३ या मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ए अक्ष अँग्युलर आहे यावर खूण करा आणि ९०:१ साठी स्टेप्स पर युनिट ५०० टाका. अर्डुइनो ऊनोवरचं मूळ जीआरबीएल हे तसंच सॉफ्टवेअर तीनच अक्ष चालवतं. चौथ्यासाठी जीआरबीएल-हॅल किंवा लिनक्ससीएनसी लागेल. लिनक्ससीएनसी फुकट आहे, पण शिकायला चिकाटी हवी. मुलगा किंवा भाचा पॉलिटेक्निकला असेल तर त्याच्या गळ्यात घाला.

वीज आणि उन्हाळा

पावसाळ्यात वीज गेली की खरी परीक्षा. हाताच्या टेबलाला काही होत नाही, डायलवर आकडा तसाच असतो. स्टेपरचं मात्र असं, की परत चालू करताना रोटर दोन पूर्ण स्टेपपर्यंत उडी मारू शकतो. वर्मवर ती उडी ०.०४ अंशाची, ५० मिमी त्रिज्येवर ०.०३५ मिमी. बेल्टवर तीच ०.६ अंश, म्हणजे अर्ध्या मिमीहून जास्त, आणि मधल्या वेळात कोणी चकला हात लावला असेल तर विषयच संपला. कंट्रोलर आणि ड्रायव्हरला लहान यूपीएस देणं दोन्हीकडे शहाणपणाचं. शिवाय काम सुरू करण्यापूर्वी टेबलाच्या कडेवर आणि बॉडीवर शून्याची बारीक रेघ आखून ठेवा; निदान कितव्या दातावर होतो ते तरी कळतं.

मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये पॅनेल बंद पेटीत ठेवू नका. बाहेर पारा ४५ च्या वर असताना आतला ड्रायव्हर गरम होऊन अधूनमधून ट्रिप होतो, आणि आपण दोष वायरिंगला देतो. फॅन लावा, त्याला जाळी लावा. लोखंडाचा बारीक बुरादा आत ओढला गेला तर आगीतून फुफाट्यात. आणि ड्रायव्हर चालू असताना मोटरची वायर कधीही काढायची नाही, ड्रायव्हर जागीच जातो.

टेबल घेताना

नागपूरच्या इतवारीतल्या लोहाओळीत किंवा कुठल्या बंद पडलेल्या दुकानात जुनं टेबल मिळालं, तर पैसे देण्यापूर्वी खिशातला डायल गेज काढा. टेबलावर मधल्या भोकाच्या कडेने फिरवून रनआउट (फिरताना किती डगमगतं ते) बघा, मग वरच्या पृष्ठभागावर. त्यानंतर हँडल थोडं इकडेतिकडे करून टेबल हलण्याआधी हँडल किती मोकळं फिरतं ते मोजा, आणि हे टेबलाच्या चार वेगवेगळ्या जागी करा. चारही ठिकाणी मोकळीक सारखी असेल तर बुश फिरवून ती कमी करता येते. एका जागी घट्ट आणि दुसऱ्या जागी सैल असेल, तर वर्मव्हील एकाच भागात झिजलं आहे. सैल जागेवर बुश आवळली की घट्ट जागेवर टेबल जाम होतं. मोटर अशा जागी स्टेप गमावते, म्हणून हाताने चालवायला स्वस्तात मिळत असेल तर घ्या, मोटर लावायला नको.