खत्तातीचा तयार संच : बोरू उत्तम, कागद कुचकामी

अरबी-फार्सी लिपीतलं सुलेखन, म्हणजे खत्ताती, शिकू पाहणाऱ्यांसाठी तयार पेट्या आता ऑनलाइन सर्रास मिळतात. इथे तपासलेली पेटी उस्मानी तुर्की धर्तीची आहे. आत फळ (बोरूचं लिहायचं टोक) कापून दिलेले तीन बोरू (रुंदी १, २ आणि ३ मिलिमीटर), एक न कापलेला बोरू, चाकू, मक्ता (फळ कापताना खाली धरायची पट्टी), झाकणाची छोटी दौत, कच्च्या रेशमाची गुंडाळी, ५० मिलिलिटर काळी शाई, हातकागदाचे १० ताव आणि २४ पानांची पुस्तिका. बोरू आणि मक्ता यांसाठी पेटी घ्यावी. कागद आणि चाकू पहिल्याच दिवशी बदलावेत. पुस्तिका बाजूला ठेवावी, तिची गाठ पुढे पडेलच.

या कलेत अक्षराचं माप बोरूच्या फळावरून ठरतं, म्हणून सुरुवात बोरूपासून. बगदादचा अब्बासी वजीर इब्न मुक्ला (मृत्यू ९४०) याच्या नावावर जी प्रमाणबद्ध लिपी आहे, तिचं एकक आहे नुक्ता. फळ कागदावर पूर्ण टेकवून तिरकं ओढलं की उमटणारा चौकोनी ठिपका. सुलुस शैलीत अलिफ, म्हणजे उभ्या रेघेचं पहिलं अक्षर, साधारण ७ नुक्ते उंच, नस्खमध्ये ४ ते ५, नस्तालीकमध्ये ३. फळाची कड खडबडीत असेल तर नुक्ता वेडावाकडा येतो, आणि नुक्ताच चुकला की त्यावर मोजलेलं प्रत्येक अक्षर चुकतं. संचातले बोरू या परीक्षेत उतरतात. गडद तपकिरी रंग, कडक साल, सरळ दांडी, आत गर कमी. बोटांत धरून टेबलावर टाकला तर टणक आवाज येतो. इराणच्या खुजेस्तानातल्या देजफुलच्या बोरूंची ख्याती याच गुणांसाठी आहे. फिकट पिवळा, हलका बोरू मात्र शाई पिऊन फुगतो आणि दोनचार ओळींत त्याची कड बोथट होते.

दिलेली फळं यंत्राने कापलेली दिसतात. ३ मिलिमीटरचं फळ नीट आहे. २ मिलिमीटरच्या फळाची चीर गरजेपेक्षा लांब गेली आहे, त्यामुळे जोर दिला की दोन्ही पाती फाकतात आणि रेघेच्या मधोमध पांढरी फट राहते. दुरुस्ती सोपी आहे, फळ मागे कापत चीर आखूड करायची. १ मिलिमीटरचा बोरू नस्खसाठी दिला आहे. सुलुसचं फळ ३ मिलिमीटरचं असेल तर नस्खचं त्याच्या सुमारे एक तृतीयांश, म्हणून हा आकडा बरोबर आहे. पण इतकं बारीक बोरूचं फळ लवकर झिजतं. पूर्वी अखंड कुराण नस्खमध्ये लिहिणारे खत्तात (सुलेखक) यासाठी जावा बेटाकडून येणारी ताडवर्गीय झाडाची काळी, टणक काडी वापरत. तिची धार पुष्कळ टिकते. संचात ती नाही. शिकाऊ माणसाला ती आज लागत नाही, पण नस्खमध्ये पानच्या पान लिहायची वेळ आली की लागेल.

न कापलेला बोरू हा या पेटीतला सगळ्यात मोलाचा भाग आहे, आणि पुस्तिकेत त्याला जेमतेम दोन वाक्यं दिली आहेत. कापण्याचा क्रम असा. बोरूच्या टोकापासून बोटाच्या दोन पेरांइतकं अंतर सोडून खालच्या बाजूने लांब तिरका काप घ्यायचा. आतला मऊ गर चाकूने खरवडून काढायचा, नाहीतर तो शाई धरून ठेवतो आणि मग ती एकदम सोडतो. दोन्ही बाजू समान तासून फळ हव्या रुंदीवर आणायचं. त्यानंतर फळ मक्त्याच्या खोबणीत बसवायचं आणि मधोमध उभी चीर द्यायची. शेवटचा आडवा तिरका काप चीर दिल्यावरच घ्यायचा. हा क्रम उलटा केला तर चीर देताना नुकतीच केलेली कड तुटते. शेवटचा काप एका दाबात व्हायला हवा. करवतीसारखं पुढेमागे केलं की कड दातेरी होते. काप बरोबर बसला तर ‘टक्’ असा एकच स्वच्छ आवाज येतो.

चाकू इथेच नापास होतो. पातं लांब आणि लवचिक आहे. दाब दिला की वाकतं आणि फळाची कड मधे फुगीर, टोकांना मागे गेलेली राहते. अशा फळाची दोन्ही टोकं एकाच वेळी कागदाला टेकत नाहीत, म्हणून रेघेची एक बाजू धारदार आणि दुसरी पुसट येते. जाड पाठीचं, आखूड, न लवणारं पातं घ्यावं आणि त्याला वारंवार धार लावावी. मक्ता हाडाचा आहे, हे विशेष. स्वस्त संचांत प्लास्टिकचा येतो आणि त्यावर चाकूचे चरे पडून पुढचा काप भरकटतो.

फळाचा काप किती तिरका ठेवायचा हा प्रश्न शैलीचा आहे, आणि पुस्तिकेचा सगळा गोंधळ इथे उघडा पडतो. तिच्या एका पानावर ‘इस्लामी सुलेखनाच्या सहा शैली’ म्हणून कूफी, नस्ख, सुलुस, नस्तालीक, दीवानी आणि रुका दिल्या आहेत. परंपरेतले सहा कलम, म्हणजे सहा शैली, वेगळे: सुलुस, नस्ख, मुहक्कक, रैहान, तौकी आणि रिका. शेवटचं रिका आणि एकोणिसाव्या शतकात इस्तंबूलमध्ये दफ्तरी कामासाठी घडवली गेलेली रुका यांची नावं सारखी वाटतात, लिप्या निराळ्या आहेत. नस्तालीक चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात इराणमध्ये आकाराला आली आणि तिचं श्रेय मीर अली तबरीजीला दिलं जातं. दीवानी उस्मानी दरबाराच्या फर्मानांची लिपी. कूफी तर या सगळ्यांच्या आधीची, चर्मपत्रावरच्या सुरुवातीच्या कुराणांची.

ही यादी चुकण्याने शिकणाऱ्याचं नुकसान होतं, कारण प्रत्येकीला फळ वेगळं लागतं. बगदादचाच याकूत अल-मुस्तासिमी (मृत्यू १२९८) याने फळाचा काप अधिक तिरका केला असं मानलं जातं, आणि सहा कलमांना आलेला सडसडीतपणा त्या कापाचा परिणाम आहे. सुलुस आणि नस्खला स्पष्ट तिरका काप हवा. मगरिबी, म्हणजे उत्तर आफ्रिका आणि अंदालुसची (मुस्लिम राजवटीतल्या स्पेनची) लिपी, उलट टोकाला आहे. तिथे टोक जवळपास गोलसर ठेवतात, त्यामुळे रेघेची जाडी बहुतेक एकसारखी राहते. तिच्यात ‘फे’ (ف) अक्षराचा ठिपका खाली येतो आणि ‘क़ाफ’ (ق) वर एकच असतो, हेही पुस्तिकेत नाही. तिन्ही तयार फळं एकाच कोनात कापलेली असताना ‘या संचातून सहाही शैली लिहा’ असं छापणं शुद्ध थाप आहे.

पुस्तिकेतली अक्षरं संगणकाच्या फॉण्टमधून घेतली आहेत. कुठेही नुक्त्यांचं माप नाही, फळ कुठे वळवायचं याची खूण नाही. याऐवजी मश्काची पानं मिळवावीत. मश्क म्हणजे उस्तादाने शिष्यासाठी लिहिलेला धडा. आधी सुटी अक्षरं, मग दोन-दोन अक्षरांच्या जोड्या, मग वाक्यं. उस्मानी परंपरेत सुरुवातीचा धडा ‘रब्बि यस्सिर वला तुअस्सिर’ या प्रार्थनेचा असतो. मेहमेद शेवकी एफेंदी (१८२९–१८८७) यांचे सुलुस-नस्खचे मश्क आजही गिरवले जातात, त्यांची छापील रूपं मिळतात. एका पानावर एकच अक्षर, शेजारी नुक्ते मोजून, असं काम करायचं असतं. उस्तादाला ते पटेपर्यंत पुढचा धडा मिळत नाही, आणि सगळे धडे पार पडल्यावर इजाजत, म्हणजे स्वतःच्या लेखाखाली सही करण्याची परवानगी.

कोणत्या शैलीपासून सुरू करावं? या पेटीतून सुलुस, ३ मिलिमीटरच्या फळाने. अक्षर मोठं असल्याने चूक दिसते. नस्खने सुरुवात केली तर १ मिलिमीटरमध्ये चूक लपते आणि हाताला तीच सवय लागते. रुका सोपी म्हणून अनेक जण तिच्याकडे जातात. ती झटपट लिहिण्यासाठीच घडवलेली असल्याने हात लवकर बसतो हे खरं, पण त्यातून सुलुसला लागणारी बोटांची फिरत येत नाही.

शाई हा सुखद धक्का आहे. बाटलीवर काजळी आणि बाभळीचा डिंक एवढेच घटक लिहिलेत, आणि परीक्षेत ते खरं ठरतं. सुकलेल्या रेघेवर ओला कापसाचा बोळा फिरवला तर शाई सुटून आली पाहिजे, आणि ती येते. लाख किंवा अॅक्रिलिक असलेली जलरोधक शाई इथे विष आहे. ती चिरेत घट्ट बसते, दौतीतलं रेशीम दगडासारखं करते, आणि चुकलेली रेघ पुसता येत नाही. काजळीची शाई तेलाच्या दिव्यांचा धूर धरून, डिंकाच्या पाण्यात खूप वेळ घोटून केली जायची. इस्तंबूलच्या सुलेमानिये मशिदीत दिव्यांची काजळी एका खोलीत गोळा होईल अशी हवेची वाट ठेवली होती. बाटलीतली शाई थोडी दाट आहे. दौतीत ओतल्यावर ऊर्ध्वपातित पाणी थेंब-थेंब घालून पातळ करावी. लांब रेघ शेवटाकडे तुटत असेल तर दाट, कडेने पसरत असेल तर पातळ झाली असं समजावं. डिंक जास्त झाला की सुकलेली रेघ चमकते आणि तडकते.

दौतीतलं रेशीम सजावटीसाठी नाही. ते शाई धरून ठेवतं, बोरू बुडवताना नेमकी तेवढीच शाई लागते, आणि फळ दौतीच्या तळाला आपटत नाही. संचातली गुंडाळी आधी साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन, वाळवून, हाताने मोकळी करावी आणि अर्धीच वापरावी. सगळी कोंबली तर तंतू चिरेत अडकतात आणि रेघेच्या मागे केसासारखी शाईची शेपटी ओढली जाते.

आता कागद. जाडसर, दातेरी कडांचा, पाकळ्या टाकलेला हातकागद फोटोत छान दिसतो. खत्तातीसाठी त्याच्याइतका वाईट कागद शोधूनही सापडणार नाही. बोरूला गुळगुळीत, न शोषणारा पृष्ठभाग लागतो. जुना उपाय ‘आहार’, म्हणजे कागदावर चढवायचा लेप. अंड्याचा पांढरा बलक तुरटीच्या खड्याने पातळ होईपर्यंत फेटायचा, फेस काढून फडक्यातून गाळायचा आणि स्पंजाने कागदावर चढवायचा. सुकल्यावर आठवड्याच्या आत अकीकाच्या दगडाने किंवा गुळगुळीत काचेने घोटायचा. उशीर झाला तर थर कडक होऊन घोटताना तडकतो. घोटण्याआधी लोकरीच्या फडक्याने कोरडा साबण हलका फिरवला की अकीक अडत नाही. असा कागद निदान वर्षभर मुरवून वापरतात. शाई त्यावर वरच्या थरातच राहते, म्हणून चूक चाकूच्या टोकाने अलगद खरवडता येते. संचातल्या तावांवर शाई लगेच तंतूंत पसरते आणि फळ खरखरीत पृष्ठभागावर घासून लवकर झिजतं. सरावाला चकचकीत आर्ट पेपर पुरेसा आहे. झेरॉक्सचा कागद नको.

आर्ट पेपरवर कधी शाई थेंबाथेंबाने आक्रसते. बोटांचं तेल लागल्याने हे होतं. खडूची बारीक पूड कापसाने फिरवून झटकून टाकावी, आणि लिहिताना हाताखाली कोरा कागद ठेवावा.

संचात लिहिण्यासाठी गादी नाही, आणि तिच्याशिवाय टेबलावर बोरू कडक आपटतो. कागदाखाली १० ते १५ मऊ कागदांची थप्पी घ्यावी. तेवढ्या लवचिकतेने फळाची पूर्ण कड टेकते. काम झाल्यावर बोरू ओल्या फडक्याने पुसून आडवा ठेवावा. शाईत उभा सोडला तर गर फुगून चीर वाकते. दौतीचं झाकण या पेटीत सैल बसतं, त्यामुळे आठवड्यातून एकदा रेशमावर दोन-तीन थेंब पाणी सोडावं लागेल.