कुत्र्याचं पिल्लू नीट खात नाही: ड्राय फूड, घरचं जेवण की पाऊच?

फूड कुठलं घ्यायचं हे ठरवायच्या आधी एकदा पिल्लाकडे नीट बघा. खेळतंय, चपला पळवतंय, शी घट्ट आहे, वजन वाढतंय आणि फक्त बाऊल समोर आला की तोंड फिरवतंय, तर ते नखरे, आणि पुढचं सगळं त्याच पिल्लासाठी आहे. पण कालपर्यंत खाणारं पिल्लू अचानक खायचं बंद झालं, मलूल पडून राहतंय, उलट्या होतायत, शीमध्ये रक्त दिसतंय, तर फूड बदलत बसू नका, तडक व्हेटकडे न्या. लसी पूर्ण न झालेल्या पिल्लांत पार्वोची (पिल्लांच्या जिवावर बेतणारा व्हायरसचा आजार) सुरुवात अशीच होते आणि तिथे घालवलेला प्रत्येक तास महाग पडतो. पोमेरेनियन, चिवावा असली चिमुकली पिल्लं तर काही तास उपाशी राहिली तरी त्यांची रक्तातली साखर उतरते आणि ती लटपटायला लागतात, म्हणून "भूक लागली की खाईल" हा सल्ला त्यांना अजिबात लावू नका. जंतांचं औषध वेळेवर झालंय ना तेही तपासा. आणि पिल्लू 4 ते 6 महिन्यांचं असेल तर दात बदलतायत, हिरड्या दुखतायत म्हणूनही कडक दाणे टाळत असेल, तिथे फूड बदलायची गरजच नसते, कोमट पाण्यात भिजवलं की काम होतं.

आता तुलना.

आपल्याकडे निवड साधारण तिघांत असते: ड्राय फूड (पिशवीतले कोरडे दाणे), घरचं चिकन-भात, आणि ग्रेव्हीवाले पाऊच. खरं तर दूध-पोळी आणि बिस्किटं हा चौथा प्रकार घराघरात चालतो, पण तो मी निवडीत धरतच नाही. आईचं दूध सुटलं की पिल्लाला दुधातली साखर पचवणं जड जायला लागतं, गाई-म्हशीच्या दुधाने बऱ्याच पिल्लांना लूज मोशन होतात, आणि पोळीने पोट भरतं पण वाढीला लागणारं पुरेसं प्रोटीन त्यात नसतं. बिस्किटाने तर भूक मरते आणि मग आपणच म्हणतो की हे जेवत नाही.

समजायला सोपं पडावं म्हणून एक पिल्लू धरू, 4 महिने पूर्ण झालेलं, 5 किलोचं. त्याला दिवसाला अंदाजे 470 कॅलरी लागतात (पिल्लागणिक हे कमी-जास्त होतं, पण हिशोबाला ठीक आहे). ड्राय फूडच्या 100 ग्रॅममध्ये साधारण 350 ते 400 कॅलरी असतात, म्हणजे दिवसाला सव्वाशे ग्रॅमच्या आसपास दाणे झाले की झालं. पाऊचमध्ये पाऊण हिस्सा किंवा जास्तच पाणी असतं, 100 ग्रॅमला 80 ते 100 कॅलरी, आणि पाऊच येतो 70-80 ग्रॅमचा, म्हणजे नुसत्या पाऊचवर ठेवायचं तर दिवसाला सहा ते आठ पाऊच फोडावे लागतील! दुकानात एका पाऊचची किंमत कमी वाटते, पण महिन्याचा हिशोब करून बघा आणि मग ठरवा. शिवाय बऱ्याच पाऊचवर बारीक अक्षरात कॉम्प्लिमेंटरी असं लिहिलेलं असतं, म्हणजे ते पूर्ण जेवण नाहीच, जेवणाबरोबर द्यायची गोष्ट आहे.

घरच्या जेवणाबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहेत आणि सगळ्यात जास्त मायाही इथेच आहे. दीडशे ग्रॅम उकडलेलं बोनलेस चिकन आणि त्याहून थोडा जास्त भात, एवढ्यात त्या पिल्लाच्या कॅलरी भरतात, पिल्लू आवडीने खातं, वासावर धावत येतं, आपल्यालाही बरं वाटतं. पण त्याच पिल्लाला वाढीसाठी दिवसाला सुमारे 1400 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं आणि या सगळ्या चिकन-भातात मिळून 50 मिलिग्रॅमसुद्धा नसतं. फॉस्फरस मात्र त्याच्या कितीतरी पट असतो. असं महिनोन्‌महिने चाललं की शरीर हाडांतलं कॅल्शियम ओढून घ्यायला लागतं, पाय वाकतात, पिल्लू लंगडतं, साध्या उडीने हाड मोडू शकतं. पिल्लू वरून गुटगुटीत दिसत असतं म्हणून कुणाच्या लक्षातच येत नाही.

मग लोक म्हणतात अंड्याच्या कवचाची भुकटी घालू. एका कवचात साधारण 2 ग्रॅम कॅल्शियम असतं हे खरंय, पण त्याने फक्त कॅल्शियमचा प्रश्न सुटतो, झिंक, कॉपर, आयोडीन, व्हिटॅमिन डी, ई हे सगळं तसंच कमी राहतं. म्हणून घरचंच द्यायचं ठरवलं असेल तर जरूर द्या, पण व्हेटकडून पिल्लाच्या वजनाप्रमाणे ग्रॅममध्ये रेसिपी आणि सप्लिमेंट लिहून घ्या, आणि मग ती रेसिपी आज चिकन नाही म्हणून नुसता दहीभात अशी मोडू नका. कांदा-लसूण अजिबात नाही, म्हणजे आपल्या रश्शातलं चिकन धुऊनही द्यायचं नाही, नुसतं पाण्यात उकडलेलं. मनुका, द्राक्षं, चॉकलेट नाही. शिजवलेली हाडं नाहीत, ती फुटून टोकदार होतात आणि आतड्यात रुततात.

घरच्या जेवणाचा आणखी एक त्रास पिकी पिल्लांच्या बाबतीत हमखास होतो. आमची ढमी (देशी, सोसायटीच्या पार्किंगमधून आणलेली) चिकनचा एकेक तुकडा इतक्या सफाईने वेचायची की त्याला चिकटलेलं भाताचं शीतसुद्धा जिभेने बाजूला काढून बाऊलच्या कडेला ठेवायची, आणि भोपळा तर जमिनीवर. म्हणजे तुम्ही रेसिपी कितीही मोजून करा, पिल्लाने अर्धीच खाल्ली तर तो सगळा हिशोब वाया. घरचं देणारच असाल तर मिक्सरमधून जाडसर फिरवून द्या, वेचायला काही उरता कामा नये.

ड्राय फूडमध्ये हा प्रश्न येत नाही, प्रत्येक दाणा सारखाच, आणि माझं मत सरळ आहे की बहुतेक घरांत पाया हाच ठेवावा. फक्त पिशवीवरचं चित्र बघून घेऊ नका, मागे बघा. कम्प्लीट अँड बॅलन्स्ड (पूर्ण, समतोल आहार) लिहिलेलं हवं आणि ते ग्रोथसाठी (वाढीच्या वयासाठी) किंवा ऑल लाइफ स्टेजेससाठी (सगळ्या वयांसाठी) हवं. अमेरिकेतल्या एएएफसीओच्या (पशुखाद्याचे निकष ठरवणारी संस्था) निकषात पिल्लांच्या फूडला पाणी वगळून कमीत कमी 22.5 टक्के प्रोटीन लागतं, पूर्ण वाढलेल्या कुत्र्यांना 18 टक्के चालतं, म्हणून घरातल्या मोठ्या कुत्र्याचं फूड पिल्लालाही ही काटकसर करू नका. लॅब, जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन असं मोठं होणारं पिल्लू असेल तर लार्ज ब्रीड पपीचंच घ्या, आणि कम्प्लीट फूड चालू असताना वरून कॅल्शियमचं सिरप देऊ नका, मग दुकानदार सांगू दे नाहीतर शेजारी सांगू दे. या पिल्लांच्या शरीराला जास्तीचं कॅल्शियम शोषणं नीट रोखता येत नाही आणि त्याने हाडं-सांध्यांची वाढ बिघडते.

ड्राय फूडची खरी अडचण दोन ठिकाणी आहे. एक म्हणजे वास कमी, आणि पिल्लू आधी नाकाने खातं. त्यावर उपाय म्हणजे कोमट पाणी घालून दहा-पंधरा मिनिटं ठेवायचं, वास सुटतो. दुसरी अडचण पावसाळा. कोकणात, मुंबईत, गोव्यात जूननंतर उघडी पिशवी चार दिवसांत सादळते, दाणे मऊ पडतात, खवट वास येतो, मग पिल्लू खात नाही आणि बिल फाटतं नखऱ्यांच्या नावाने. सुटं वजनावर विकतात ते घेऊच नका, छोटी पिशवी घ्या, मूळ पिशवीसकट घट्ट डब्यात ठेवा आणि महिना-सव्वा महिन्यात संपवा.

तर ठरवायचं कसं. घरात सकाळची घाई असेल, दोघं नोकरीला जात असाल, तर ड्राय फूड आणि त्यावर चमचा-दोन चमचे टॉपर: उकडलेलं अंडं कुस्करून, चिकनचं बिनमिठाचं पाणी, किंवा पाऊचचा छोटा भाग. टॉपर दिवसाच्या कॅलरीच्या 10 टक्क्यांत राहू दे, म्हणजे आपल्या त्या पिल्लाला 45-50 कॅलरी, अर्ध्याहून थोडं जास्त अंडं झालं की कोटा संपला. बाऊलमध्ये तो पूर्ण कालवून टाका, वर सजवला तर वरचं चाटून निघून जाईल. घरात मांस-मच्छी शिजत नसेल तरीही ड्राय फूडच, टॉपरला साधं दही किंवा उकडलेला लाल भोपळा, पण वाढत्या पिल्लाला घरच्या वरणभातावर ठेवू नका. घरात कुणीतरी दिवसभर आहे, स्वयंपाकाची हौस आहे, वजनकाट्यावर रोज मोजायची तयारी आहे, तर घरचं जेवण उत्तम होऊ शकतं, रेसिपीसकट. नुसते पाऊच मला फक्त आजारातून उठलेल्या पिल्लासाठी थोड्या दिवसांपुरते पटतात.

काहीही निवडलंत तरी पिल्लाने नाक मुरडलं की लगेच दुसरं काहीतरी आणून समोर ठेवलं, की ते थांबायला शिकतं, कारण थांबलं की बरं मिळतं हे त्याला दोन दिवसांत कळतं. 3 महिन्यांपर्यंत दिवसातून चारदा, 6 महिन्यांपर्यंत तीनदा, वीस मिनिटं बाऊल खाली, मग न बोलता उचलायचा आणि पुढच्या वेळेला तेच ताजं. मधल्या वेळेत कुणी काही द्यायचं नाही, आणि हे आजी-आजोबांशी आधीच प्रेमाने बोलून घ्या, त्यांना टॉपर घालायचं काम द्या, म्हणजे त्यांचाही हात लागतो आणि टेबलाखालून बिस्किटंही जात नाहीत.

फूड बदलताना सात ते दहा दिवस घ्या. पहिले दोन-तीन दिवस पाव हिस्सा नवीन, मग निम्मं, मग पाऊण, मग पूर्ण. मध्येच शी पातळ झाली तर नवीन फूड वाढवू नका, मागच्या प्रमाणावर या, पाणी भरपूर ठेवा, आणि पिल्लू सुस्त वाटलं किंवा एका दिवसात फरक पडला नाही तर व्हेटला दाखवा, जाताना पिशवीच्या मागच्या बाजूचा फोटो काढून न्या, ते पहिलं तेच विचारतात.